कराचीच्या तुरुंगातले खलाशी आणि आपण: किनाऱ्यावरच्या धर्मग्रामांना खुलं पत्र

प्रति,
वसई ते डहाणू किनाऱ्यावरील धर्मग्रामांचे (पॅरिशांचे) प्रमुख धर्मगुरू, पॅरिश कौन्सिलचे सभासद आणि सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे बंधुभगिनी यांस,

सप्रेम नमस्कार.

दरवर्षी १ जानेवारीला आणि १ जुलैला भारत आणि पाकिस्तान एकमेकांना याद्या देतात. तुमची किती माणसं आमच्या तुरुंगात आहेत, त्याची यादी. २००८ च्या मे महिन्यात झालेल्या कराराप्रमाणे हे चालतं आणि दोन देशांचं कितीही बिनसलं तरी चालू राहतं. १ जुलै २०२५ ला पाकिस्तानने दिलेल्या यादीत ५३ नागरी कैदी आणि १९३ मच्छीमार होते. पेपरात ही बातमी आतल्या पानावर येते. त्या मच्छीमारांत आपल्या पालघर जिल्ह्यातले खलाशी आहेत. डहाणू-तलासरीच्या आदिवासी पाड्यांवरून ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर कामाला गेलेली ही माणसं आहेत. मी लिहितोय ते त्यांच्याबद्दल.

सरकारला अर्ज करणारे आहेत, पत्रकार आहेत, दोन्ही देशांत मैत्री व्हावी म्हणून धडपडणारे कार्यकर्ते आहेत. तुम्हाला मात्र या बाबतीत कुणी काही विचारलेलं मी ऐकलेलं नाही, म्हणून हे पत्र तुम्हाला.

ज्यांच्या घरात बोट नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. पश्चिम किनाऱ्यावर निदान १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. बंदी उठायच्या आधी बोटवाल्याचा माणूस पाड्यावर येतो. बहुतेक वेळा तो त्याच भागातला जुना खलाशी नाहीतर तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, असतो. पावसाच्या दिवसांत घरात पैसा नसतो, तेव्हा तो उचल देतो. उचल घेतली की माणूस पुढच्या मेपर्यंत बांधला गेला. बोट सौराष्ट्रातून निघते. मासळी वर कच्छच्या बाजूला चांगली मिळते आणि तिथेच सर क्रीक आहे, जिची हद्द दोन देशांत आजवर ठरलेली नाही. पाण्यात कुंपण नसतं. रात्री जाळं टाकलं की बोट ओढीबरोबर सरकते. कधी तांडेल मासळीच्या मागे जाणूनबुजूनही पलीकडे जातो, हेही खरं आहे, कारण नाखव्याला, म्हणजे बोटमालकाला, माल हवा असतो. पण बोट कुठे न्यायची हे जाळं ओढणारा खलाशी ठरवत नाही. पाकिस्तानी गस्तीची बोट आली की तांडेल आणि खलाशी सारखेच कैदी. बोट जप्त होते. नाखवा घरीच असतो.

पुढे कराचीचा मलीर तुरुंग. शिक्षा बहुतेकदा काही महिन्यांची असते, पण शिक्षा भोगून झाली म्हणून माणूस सुटत नाही. करार असं म्हणतो की शिक्षा संपली आणि राष्ट्रीयत्वाची खात्री पटली की महिन्याभरात माणूस परत पाठवायचा. प्रत्यक्षात वर्षं जातात. २०२५ च्या त्याच जुलैमध्ये भारताने पाकिस्तानला सांगितलं की ज्यांची शिक्षा पुरी झालेली आहे अशा १५९ मच्छीमारांना आणि नागरी कैद्यांना लवकर सोडा. दोन्ही देशांचे निवृत्त न्यायाधीश एकमेकांच्या तुरुंगांत जाऊन कैद्यांना भेटत असत. ती समिती २०१३ नंतर तिकडे गेलेली नाही. समुद्री कायद्याचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याच्या ७३ व्या कलमानुसार विशेष आर्थिक क्षेत्रात मासेमारीचा नियम मोडला म्हणून तुरुंगात टाकता येत नाही, संबंधित देशांत तसा वेगळा करार असेल तरच टाकता येतं. हा करार दोघांनीही मान्य केलेला आहे. आणि दोघंही माणसं तुरुंगात टाकतात.

तरी हे अशक्य काम नाही. २०१४ पासून २०२५ च्या जुलैपर्यंत २,६६१ भारतीय मच्छीमार परत आले, असं परराष्ट्र मंत्रालय सांगतं. २०२४ च्या मार्चमध्ये डहाणूकडचा एक खलाशी मात्र तिथेच वारला. त्याचं शव घरी पोचायला मे महिना उजाडला.

आमच्या बोटीवर बरीच वर्षं काम केलेल्या एका खलाशाचा भाचा असाच पकडला गेला आहे. त्याच्या घरी मी गेलो होतो. कुडाचं घर, पुढे शेणाने सारवलेली ओटी. त्याच्या बायकोने आढ्याला टांगलेली कापडाच्या दुकानाची पिशवी खाली काढली आणि एकेक कागद माझ्यापुढे मांडला. रेशनकार्ड, नवऱ्याच्या आधारची घडीवर फाटलेली झेरॉक्स, मतदार ओळखपत्र, उचलीच्या हिशोबाचं वहीतलं पान आणि एक पत्र. ते पत्र तिकडून सुटून आलेल्या दुसऱ्या खलाशाने आणून दिलेलं होतं. स्वतःच्या दुखण्याबद्दल त्यात एकच ओळ होती. बाकी सगळं विचारणं होतं. भात किती झालं, बैल विकला का, पोरगी शाळेत जाते ना. मी कागद पाहत होतो तेव्हा ध्यानात आलं की आधारवर नाव एक, रेशनकार्डावर घरात हाक मारतात ते दुसरं, आणि बोटीच्या यादीत कुणीतरी गुजरातीत लिहिलेलं तिसरंच. त्या तिसऱ्या नावाची चौकशी करायला पोलीस पाड्यावर आले तेव्हा अशा नावाचा माणूस इथे नाही, असंच लोकांनी सांगितलं. लोक खोटं बोलले नव्हते.

नवरा जिवंत आहे, त्यामुळे विधवेला मिळतं ते काही तिला मिळत नाही. बँकेचं खातं त्याच्या नावावर. बोट गुजरातची आणि माणूस महाराष्ट्राचा असल्यामुळे कोणत्या दारात उभं राहायचं हेच तिला कुणी सांगितलेलं नाही. उचल फिटली नाही म्हणून बोटवाल्याचा माणूस येऊन गेला, तेवढा एकच आला. निघताना तिने मला विचारलं की तिकडे थंडी फार असते का. मी म्हटलं, कराची आपल्यासारखीच दर्याकाठी आहे.

आता आपल्याकडे येतो. प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या सोमवारी दरवर्षी मत्तयच्या शुभवर्तमानातला न्यायाच्या दिवसाचा उतारा वाचला जातो. भुकेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी आणि बंदिशाळेतला. यातलं पुष्कळ आपण करतो आणि त्याला मी नावं ठेवणार नाही. आपल्या बायकांनी शिजवलेलं अन्न कोविडमध्ये किती घरांत पोचलं हे मी पाहिलेलं आहे. आजाऱ्यांना भेटणारे आहेत, नाताळात वृद्धाश्रमात जाणारे आहेत. फक्त यादीच्या शेवटच्या माणसाशी पोचलो की आपले पाय थांबतात. काही सिस्टर्स आणि फादर कारागृहांत जातात, त्यांना माझा दंडवत. पण ते त्यांचं खास काम समजलं जातं, धर्मग्रामाचं नाही. कैदी म्हटला की त्याने काहीतरी केलंच असणार, असं आपल्या मनात येतं. येशूने तिथे निरपराध कैद्यालाच भेटा अशी अट घातलेली नाही. आणि इथे तर अपराध म्हणजे पाण्यावरची न दिसणारी रेघ ओलांडली, एवढाच.

संत गोन्सालो गार्सियाचा सण आपण वाजतगाजत करतो. वसईत जन्मलेला हा आपला माणूस जपानला गेला. तिथल्या राज्यकर्त्याची मर्जी फिरली तेव्हा सोबत्यांसह पकडला गेला, कानाचा तुकडा कापला गेला, थंडीच्या दिवसांत गावागावांतून धिंड काढत त्याला नागासाकीला नेलं आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला क्रूसावर मारलं. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं. म्हणजे आपण ज्याच्या पुतळ्याला हार घालतो तो परमुलखात कैदी होऊन मेलेला वसईकर आहे. परमुलखातल्या कैद्यांसाठी त्याच्याकडे मध्यस्थी मागितलेली मी अजून एकाही नोव्हेनात, नऊ दिवसांच्या प्रार्थनेत, ऐकलेली नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या अंगणातली आहे. वसईच्या किल्ल्यात लग्नाआधीचे फोटो काढायला आज जोडपी येतात. पोर्तुगीज काळात त्याच तटाच्या आत मिझेरिकॉर्दिया नावाची संस्था होती. १४९८ मध्ये लिस्बनला निघालेल्या या संस्थेच्या शाखा गोवा, चौल, वसई अशा ठिकठिकाणी होत्या. ती धर्मगुरूंची नव्हे, प्रापंचिकांची संस्था होती, हे मला महत्त्वाचं वाटतं. तिच्या नियमांत दयेची सात शारीरिक कृत्यं सांगितलेली होती, आणि तुरुंगातल्यांना भेटणं, पकडून नेलेल्यांना सोडवणं हे त्यात येत असे. त्यांची दया आधी आपल्या रक्ताधर्माच्या माणसाला शोधायची आणि त्या राजवटीने इथल्या लोकांवर काय जुलूम केले तेही मला ठाऊक आहे. पण पकडलेला माणूस सोडवणं हे साध्या दुकानदारांचं, खलाशांचं, संसारी माणसांचं कर्तव्य आहे, हा विचार या किनाऱ्याला चारशे-साडेचारशे वर्षांपासून माहीत आहे, एवढंच म्हणतो. व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या बंधुभगिनींना तर वेगळं सांगायला नको. ज्यांचं नाव तुम्ही लावता ते संत १६१९ पासून फ्रान्सच्या गलबतांवर वल्ही मारणाऱ्या कैद्यांचे प्रमुख धर्मगुरू होते. पोप फ्रान्सिस मृत्यूच्या चार दिवस आधी, पवित्र गुरुवारी, अंगात ताकद नसताना रोममधल्या तुरुंगात जाऊन आले. त्या वर्षी पाय धुणं जमलं नाही, नुसते भेटून आले.

एका बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा उत्तर आलं की हे परराष्ट्र खात्याचं काम आहे, आपण काय करणार. सोडवणं दिल्लीचं काम आहे, मान्य. पण राष्ट्रीयत्वाची खात्री ज्या कागदांवर होते ते कागद दिल्लीत नसतात, आढ्याला टांगलेल्या पिशवीत असतात. ती तीन नावं एकाच माणसाची आहेत असं प्रतिज्ञापत्र कुणीतरी करून द्यावं लागतं, ते तहसीलमधून, मत्स्यव्यवसाय कार्यालयातून, पोलीस ठाण्यातून पुढे गेलं की नाही याचा पाठपुरावा करावा लागतो. माहितीचा अधिकार वापरावा लागतो. खासदाराच्या कार्यालयात पुन्हा पुन्हा जाऊन बसावं लागतं. आपल्या धर्मग्रामांत निवृत्त बँकवाले, शिक्षक, तलाठी, वकील यांची वानवा नाही. सकाळची मिस्सा झाली की बहुतेकांना दहा वाजेपर्यंत काय करायचं हा प्रश्न असतो. (माझ्या वयाचे वाचक हसतील, पण खोटं आहे का?)

दुसरी भीती बैठकीत कुणी मोठ्याने बोललं नाही, बाहेर चपला घालताना बोललं. गळ्यात क्रूस असलेली माणसं पाड्यावर फायली घेऊन फिरायला लागली तर धर्मांतराची आवई उठेल. उठेल, सध्याच्या दिवसांत नक्की उठेल. म्हणून काही पथ्यं आधीच पाळावीत. पत्रकं नकोत, पाड्यावर प्रार्थनासभा नको, दिलेल्या वस्तूवर धर्मग्रामाचं नाव नको, फोटो तर अजिबात नको. ग्रामपंचायतीला आणि पोलीस पाटलाला सांगून उघडपणे जावं. यरीहोच्या वाटेवर पडलेल्या जखमी माणसाला परक्या समाजातल्या त्या शोमरोन्याने तेल-द्राक्षारस लावला, आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं, दोन दिनार मोजले आणि वर लागेल तो खर्च परतताना देईन म्हणून जबान दिली. त्या माणसाला नंतर शोमरोनी करून घेतलं असं लूकने कुठे लिहिलेलं नाही.

शिवाय आपण तिथे पहिले नसू. तलासरीत कम्युनिस्टांचा लाल बावटा १९४५ च्या वारली उठावापासून, गोदावरी परुळेकरांच्या काळापासून आहे. डहाणूला आदिवासींची कष्टकरी संघटना आहे, आणि ती उभी करणाऱ्यांत प्रदीप प्रभू होते, एकेकाळचे जेझुइट. पाड्यापाड्यातला कोण कोणत्या बोटीवर गेला हे या लोकांना आपल्याहून जास्त ठाऊक असणार. त्यांच्याबरोबर बसावं लागेल आणि ते बोलतील तेव्हा ऐकून घ्यावं लागेल. मिशनवाले आणि बावटेवाले यांच्यात जुने खटके उडालेले आहेत, ते मला माहीत आहेत. त्या खलाशाच्या बायकोला त्या खटक्यांशी कर्तव्य नाही.

फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी आपल्याला रस्त्यावर उतरायला शिकवलं. हरित वसईच्या लढ्यात आपण उतरलो तेव्हा विहिरी आपल्या होत्या, वाड्या आपल्या होत्या. आता ज्यांच्यासाठी उतरायचं ते आपल्या मिस्सेला येत नाहीत, मतदानाला आपल्या उमेदवाराच्या बाजूने उभे राहणार नाहीत आणि नाताळाचा फराळ घेऊनही येणार नाहीत.

काय करावं, तर माझ्या मनात असं आहे. जुलैचा दुसरा रविवार जगभरची ख्रिस्तसभा समुद्रावर कष्ट करणाऱ्यांसाठी पाळते. कैद्यांच्या याद्या १ जुलैला येतात, हा रविवार लगेच त्यामागून येतो. आपल्या बोटी तेव्हा शाकारून ठेवलेल्या असतात, खलाशी घरी असतो. त्या रविवारी किनाऱ्यावरच्या प्रत्येक धर्मग्रामात यादीतला आकडा वेदीवरून वाचून दाखवावा. त्या दिवसाचं दान या कामासाठी बाजूला ठेवावं. आणि एकेका धर्मग्रामाने एकेक घर घ्यावं, माणूस परत येईपर्यंत. पोरांच्या शाळेचा खर्च, आजारपण, दर महिन्याला ठरलेली रक्कम आणि कागदांची फाईल. व्हिन्सेंट डी पॉलवाले दोघादोघांनी घरभेटी देतातच, तीच पद्धत पाड्यावर न्यायची. हे साडीवाटपासारखं एका सकाळीत आटपणारं नाही. फाईल तीन वर्षंही चालेल, मधे कौन्सिल बदलेल, फादरांची बदली होईल. म्हणून ज्याला दम धरवतो त्यानेच नाव द्यावं.

नाखवा मंडळींना वेगळं सांगायचं आहे, मी त्यांच्यातलाच आहे. आपल्या डोलीच्या (डोल जाळ्याच्या) बोटी सर क्रीकला जात नाहीत. पण आपल्याकडे बोंबील ओढायला येणारा माणूस त्याच पाड्यांवरून येतो, त्याच उचलीवर येतो. तो आपल्या बोटीवरून पाण्यात पडला तर त्याच्या घरी काय पोचेल? हंगामाच्या सुरुवातीला फादर बोटीला आशीर्वाद द्यायला येतात तेव्हा आपलं कुटुंब नवे कपडे घालून नाळीशी उभं असतं आणि खलाशी खाली गाळात दोर धरून. मला वाटतं, पवित्र पाणी शिंपडण्याआधी फादरांनी नाखव्याकडे खलाशांची यादी मागावी. आधारवर आहे तसंच नाव, पाड्याचं नाव, घरच्या बाईचा फोन, किती उचल दिली ते, आणि विमा उतरवला की नाही. यादी नसेल त्या बोटीला पुढच्या रविवारी या म्हणावं. एकदोघे रागावतील. फादरांनी तेवढा राग सोसायला हरकत नाही.

ज्यावर वाद होईल तेही सांगून टाकतो. १ जुलै २०२५ ला भारतानेही यादी दिली होती. आपल्या तुरुंगांत ८१ पाकिस्तानी मच्छीमार होते. तिकडच्या किनाऱ्यावरची, आपल्यासारखीच जाळी ओढणारी माणसं. आपले खलाशी सुटतात तेव्हा कराचीहून लाहोरला निघताना ईधी फाउंडेशन या तिकडच्या सेवाभावी संस्थेचे मुसलमान कार्यकर्ते त्यांच्या हातात वाटखर्च आणि कपडे ठेवतात, बातम्यांत हे अनेकदा आलेलं आहे. आपण निदान श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत त्या ८१ जणांसाठी एक ओळ घालू शकतो. ती ओळ वाचणाऱ्या मुलीला चर्चबाहेर कुणी सुनावलं, तर पूर्ण कौन्सिलने तिच्या बाजूला उभं राहावं, एवढं आधी ठरवून मगच ती वाचायला द्यावी.

बोटी १ ऑगस्टपासून सुटू लागतात. त्याआधी कोणत्या पाड्यावरून कोण कुठल्या बोटीवर चालला आहे, त्याचं आधारवरचं नाव काय आणि बोटीच्या यादीत काय लिहिलं आहे, याची वही करायला हवी. पकडला गेल्यावर शोधत बसण्यापेक्षा ते सोपं. वही मी घालतो. मला तुमच्याकडून दोन माणसं हवीत. एक डोंगरातल्या रस्त्यावर मोटारसायकल चालवणारा, आणि एक गुजराती वाचता येणारा.

आपला,
वसईच्या कोळीवाड्यातला एक प्रापंचिक